सारख्याच दिसणाऱ्या जुड्या

माझे मामाजी, म्हणजे माझे सासरे, रोज सकाळी चहा पिता पिता मला एकच प्रश्न विचारायचे. "सुनबाई, आज काय करून राह्यली?" आणि मी रोज तेच उत्तर द्यायची. "मशीन बनवून राह्यली, मामाजी." मग ते मशीन कुठे दिसतं का म्हणून खोलीभर नजर फिरवायचे. लॅपटॉप, पाण्याची बाटली आणि शेंगदाण्याची वाटी सोडली तर टेबलावर काहीच नसायचं. "बराबर आहे," असं म्हणून ते खांद्यावर दुपट्टा टाकायचे आणि शेताकडे निघायचे. पटलं नसलं की मामाजी "बराबर आहे" म्हणतात, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

मी बल्लारपूरची. लहानपण कारखान्याच्या भोंग्यावर गेलं, शिक्षण नागपुरात झालं आणि नोकरी पुण्यात लागली. नवरा गोंडपिपरीचा. त्याचं मोटारी रिवायंडिंगचं दुकान आहे. तालुकाभरातले जळलेले पंप त्याच्याकडे येतात, त्यामुळे दुकान उचलून पुण्याला नेणं शक्यच नव्हतं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही नवरा-बायको फोनवरच होतो. भांडणंसुद्धा फोनवर, आणि त्यात काही मजा नाही बाप्पा. समोरच्यानं फोन ठेवला की आपण भिंतीशी भांडत बसायचं. नंतर घरून काम करायचे दिवस आले, मी बॅग भरून गोंडपिपरीला आले आणि परत जायचं नावच काढलं नाही. मागची खोली माझं ऑफिस झाली. नवऱ्यानं दुकानातल्या सामानातून मला असा दणकट इन्व्हर्टर बांधून दिला, की गावभर लाईट गेली तरी माझा पंखा फिरत असे.

एका उन्हाळ्यात कंपनीनं ठरवलं, आता सगळ्यांनी पुण्यात परत यायचं. मी आमच्या सरांना फोन केला. रडायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे आवाज जरा जास्तच चढला. सर शांत माणूस. ते म्हणाले, "हे पाहा, तुम्ही जे साधन बनवताय ते दिवाळीच्या सुट्टीआधी ग्राहकाच्या खऱ्या फायलीवर नीट चाललं, तर तुम्हाला तिथूनच काम करू द्यायला मी वरच्यांना सांगू शकेन. नाही चाललं, तर मग मात्र इथे यावं लागेल. माझ्याही हातात काही उरणार नाही."

म्हणजे माझं घर आता त्या साधनावर टांगलेलं होतं.

त्या दिवशी जेवताना माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. राग कुणावर काढायचा हे न कळल्यामुळे मी तो भातावर काढला. "काय हा जाडाभरडा भात! आमच्या बल्लारपूरला माझे सख्खे मामा सिरोंच्याकडून बारीक तांदूळ पाठवायचे. शिजला की शेजारणी विचारायच्या, आज काय आहे म्हणून." नवऱ्यानं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मामाजींनी मान वर केली नाही. ताटातला भात वरणात कालवून ते निमूट जेवले. मलाच मग कसंतरी झालं.

आता हे साधन म्हणजे काय, ते मामाजींना सांगितलं होतं तसंच सांगते. कारखान्यातल्या जुन्या यंत्रांची आपापली एक भाषा असते. पंप चालू कर, झडप उघड, तापमान इतकं झालं, असे मजकूर त्या भाषेत येतात-जातात. ते वाचणारा प्रोग्राम एकेका यंत्रासाठी हातानं लिहायचा म्हणजे महिने जातात. माझं साधन असं, की त्याला त्या भाषेचे नियम द्यायचे आणि वाचणारा प्रोग्राम त्यानंच तयार करून द्यायचा. वाचणारा एकेक शब्द घेत पुढे सरकतो. प्रत्येक शब्दानंतर तो एका ठिकाणी उभा असतो. इथवर काय वाचलं आणि आता पुढे काय येऊ शकतं, हे त्या ठिकाणाला ठाऊक असतं. त्या ठिकाणाला आम्ही स्टेट म्हणतो. अशी सगळी ठिकाणं आणि त्यांच्यामधल्या वाटा मिळून जो नकाशा होतो, ते माझं मशीन.

"म्हंजे बांधीतून बांधीत पानी जाते तसं," मामाजी म्हणाले होते. आमच्याकडे धानाच्या वाफ्याला बांधी म्हणतात, आणि वरच्या बांधीतलं पाणी धुरा, म्हणजे मधला बांध, फोडून खालच्या बांधीत सोडतात.

"हाव मामाजी, तसंच."

"बराबर आहे," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांना खरंच पटलं असावं असं मला वाटलं.

अडचण अशी होती, की माझा नकाशा फार मोठा व्हायला लागला. ग्राहकाला तो कारखान्यातल्या एका छोट्या डब्यात बसवायचा होता, आणि त्या डब्याची स्मरणशक्ती बेताचीच. माझी ठिकाणं हजारांनी. पण त्यातली पुष्कळशी एकमेकांसारखी दिसत होती. नुकतेच वाचलेले शब्द सारखे, जाऊ शकणाऱ्या वाटा सारख्या. फरक एवढाच, की एक ठिकाण एका वाटेनं आलेलं, दुसरं दुसऱ्या. मी म्हटलं, मग वेगळी ठेवायची कशाला? दिली एकमेकांत मिसळून. नकाशा असा आटला की मी खुर्चीतून उठून नाचलेच. प्रोग्राममध्ये त्या जागी मी टीपही लिहून ठेवली, दोन्ही सारखीच दिसतात म्हणून एकत्र केली. सरांनी विचारलं तर त्यांनाही तेच सांगितलं. "सारखीच दिसतात सर." सर म्हणाले, "छान."

तेवढ्यात आषाढ आला आणि घरात रोवण्याची, म्हणजे धान लावायची, धांदल सुरू झाली. एका रविवारी मी चहाची किटली घेऊन शेतावर गेले. मामाजी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून त्यांच्या जुड्या बांधत बसले होते. काही जुड्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, काडीनं बांधलेल्या, काही पळसाच्या मुळीच्या वाकानं, म्हणजे दोरीनं. मला वाटलं जे हाताला लागलं त्यानं बांधलं असेल.

"नाई नाई," मामाजी म्हणाले. "तनसाचं हलकं धान. दिवाळीच्या आंधी कापाले येते. वाकाचं भारी. ते दिवाळी झाल्यावर."

"दिसायला तर सारखंच आहे."

"आता सारखंच दिसते. म्हून तं बांधाचं येगयेगळं."

मी चहा ओतला आणि परत आले. डोक्यात नकाशाच फिरत होता. दोन दिवसांनी मामाजींना ताप भरला. रोवणाऱ्या बाया सांगून ठेवलेल्या, रोवणा थांबवता येईना. नवऱ्यानं दुकान बंद केलं आणि उरलेले पऱ्हे उपटून जुड्या बांधून दिल्या. संध्याकाळी चिखलानं माखून आला तेव्हा एवढा खुश होता, की जणू एकट्यानंच सगळी शेती केली. मामाजी गोधडीतूनच "बराबर आहे" म्हणाले.

भाद्रपदात माझं साधन लहान लहान नमुन्यांवर झकास चालायला लागलं. दसरा झाल्यावर सरांनी पहिल्यांदा ग्राहकाची खरी फाईल पाठवली. आम्ही दोघं स्क्रीनवर बघत होतो. ग्राहकाचा एक खोटा कारखाना स्क्रीनवर मांडलेला होता, त्यात तीन पंप फिरत होते. फाईल वाचायला सुरुवात झाली. एका जागी नोंदीत लिहिलं होतं, पंप दोन बंद. म्हणजे तो पंप काल बंद होता, एवढंच. माझ्या साधनानं ते वाचलं आणि धाडकन दुसरा पंप बंद केला. नोंदीला हुकूम समजलं!

"हे काय झालं?" सरांनी विचारलं.

"बघते सर," मी म्हटलं.

"बघा. हे असं चालणार नाही, हे तुम्हालाही कळतंय." मग जरा थांबून, "सुट्टीच्या आधी आपण अजून एकदा बसू. तेवढंच मला करता येईल."

पुढचे दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. नियम तपासले, ते बरोबर. शब्द तोडणारा भाग तपासला, तोही बरोबर. प्रत्येक तुकडा आपापल्या जागी बरोबर, आणि सगळे मिळून चूक! नवरा दुकानातून आला की दारातूनच विचारायचा, "सापडलं का?" मी त्याच्या अंगावर खेकसायची. शेवटी त्यानं विचारणं सोडलं, आणि मग मी त्यावरून खेकसले की आता विचारतही नाही. पुण्याची बॅग अजून माळ्यावर होती. तिच्याकडे नजर गेली की मी पाठ फिरवून बसायची.

अशाच एका दुपारी घरात बसवेना म्हणून मी मामाजींचा चहा घेऊन शेताकडे निघाले. वरच्या बांधीच्या धुऱ्यावर मामाजी आणि नवरा दोघंही उभे होते. नवरा त्या वेळी दुकान सोडून तिथे, म्हणजे काहीतरी बिनसलेलं नक्की. मी जवळ गेले आणि बांधीकडे पाहिलं. एवढा राग डोक्यात असूनही मला हसू येणार होतं. सगळी बांधी ठिगळांची झाली होती. इथे पिवळं पिकलेलं धान, त्याला खेटून हिरवंगार, मग पिवळं, मग पुन्हा हिरवं. पिवळ्या लोंब्या ओझ्यानं वाकलेल्या, हिरव्या आताशी कुठे बाहेर निघत होत्या.

मामाजी तापले होते. "अर्ध्या बांधीत हलकं, अर्ध्यात भारी लावाचं होतं, दोन्ही मिसळवून टाकलं! हे कापाचं कसं आता? पिकलेलं कापलं तं कच्चं तुटते. कच्च्याची वाट पाह्यली तं पिकलेलं गळते!"

"पन बाबा, वरच्या बांधीत आपन हलकंच लावतो ना दरसाल!" नवरा कळवळून सांगत होता. "मले काय माहीत तुमी भारी पेरलं! वाक सरला होता, म्हून साऱ्याईले तनसानं बांधलं. सारखेच दिसत होते!"

माझ्या हातातली किटली मी खाली धुऱ्यावर ठेवली.

माझंच वाक्य होतं ते. सरांना सांगितलेलं, टीप म्हणून लिहून ठेवलेलं, शब्दन् शब्द तेच. खरं सांगते, एरवी मी नवऱ्याला तिथल्या तिथे दोन शब्द ऐकवले असते, मामाजींच्या बाजूनं. पण कुठल्या तोंडानं? आज सारखी दिसणारी दोन ठिकाणं मी मिसळली होती. एक नोंदीच्या मथळ्याखालून आलेलं, एक हुकुमाच्या. मथळा सोडला तर तिथवर दोघांचे शब्द सारखेच. हा तुकडा आता नोंद म्हणून बंद करायचा की हुकूम म्हणून, हा प्रश्न पुढे यायचा होता, आणि तोवर मी त्यांची गाठ सोडून टाकली होती. कुठून आलो हे त्या ठिकाणाला आठवायला काही उरलंच नव्हतं. त्यावर कहर म्हणजे, दोन नियम लागू पडले तर बिनबोभाट पहिला घे, असं मीच त्याला शिकवलं होतं. पहिला नियम हुकुमाचा होता.

"सापडलं!" मी ओरडले.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. "काय सापडलं?" नवरा म्हणाला. "इथी आमचं हरवलं अन् तुह्यं सापडलं?"

मी चालायला लागले होते. मागून मामाजींचा आवाज आला, "चाय तं देऊन जाय, बाई!" मी परत आले, चहा ओतला आणि पुन्हा पळाले. पळता पळता नवऱ्याचं शेवटचं वाक्य कानावर आलं. "पन बाबा, तुमी वरच्या बांधीत भारी पेरलं काऊन?" त्यावर मामाजी काय बोलले ते ऐकू आलं नाही.

सगळी ठिकाणं पुन्हा वेगळी केली असती तर नकाशा त्या डब्यात मावला नसता. पण शेतातसुद्धा सगळं बिघडलं नव्हतं. खालच्या बांध्यांमध्ये सगळं भारी धानच गेलं होतं, तिथे जुड्या कशानंही बांधल्या असत्या तरी बिघडलं नसतं. मी तसंच केलं. दोन ठिकाणं मिसळण्याआधी साधनानं आता पुढे डोकावून बघायचं, की यांची गाठ सोडली तर कुठे गोंधळ होईल का. होत नसेल तर खुशाल मिसळा. होणार असेल तर दोन्ही वेगळी ठेवा, प्रत्येक आपापल्या वाकात. लिहायला चार ओळी, जमायला दिवसांमागून दिवस. नकाशा थोडा वाढला, पण डब्यात बसला. ती जुनी टीपही मी पुसून टाकली.

तिकडे वरच्या बांधीत बाया विळे घेऊन शिरल्या आणि पिकलेलं तेवढंच वेचून कापायला लागल्या. फार किचकट काम. ऊन उतरायच्या आत सगळ्यांनी गावाकडे परतायचं, कारण नाल्यापलीकडे वाघाची ये-जा होती, त्यामुळे दिवसाचं काम अजूनच कमी व्हायचं. बाया नवऱ्याला सोडेनात. "काय भाऊ, पुढच्या साली मोटारीचे तारबी असेच गुंडाळाल का?" तो बिचारा सगळ्यांना स्वतःच्या हातानं चहा देत फिरला. मला त्याची दया आली आणि बरंही वाटलं, दोन्ही.

ठरल्या दिवशी सर आणि मी पुन्हा बसलो. नेमकी तेव्हाच लाईट गेली. इन्व्हर्टर गुरगुरला आणि पंखा फिरत राहिला. नवरा दाराच्या बाहेर उभा होता, आत यायची हिंमत नव्हती त्याची. फाईल सुरू झाली. स्क्रीनवरचे तिन्ही पंप फिरत होते. ती नोंद आली, पंप दोन बंद. पंप फिरतच राहिला. खाली नोंदींच्या रकान्यात एक ओळ वाढली, बस्स. पुढे खरोखरचा हुकूम आला, तेव्हा पंप थांबला. फाईल संपली.

सरांनी नोंदींचा रकाना एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाले, "मी आज वर कळवतो. तुम्हाला यायची गरज नाही. तिकडेच राहा."

मी थँक्यू म्हटलं की नाही, आठवत नाही. दार उघडलं तर नवरा समोर. त्यानं माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता दोन्ही हातांनी माझं डोकं धरून दाबलं, मोटार तपासताना धरतो तसं. मी रडले. ठरवलं नव्हतं, पण रडले.

मग मी शेतावर गेले. मामाजी वरच्या बांधीच्या धुऱ्यावर बसून पाखरं हाकलत होते. पिकलेलं सगळं निघालं होतं आणि मधे मधे हिरवे पुंजके उरले होते. मी सांगितलं, "मामाजी, मी कुठी जात नाई. इथीच राहते."

"हाव?" ते म्हणाले. त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते. मग हिरव्या धानाकडे बोट केलं. "मंग हे खासील तू. उन्हाळ्यात म्हणत होती ना, बारीक तांदूळ? सिरोंच्याकडून बी बलावलं होतं. वरची बांधी घराच्या जवळ, राखन होते चांगली, म्हून इथी लावलं."

त्या दिवशी रागात बोललेलं वाक्य मी विसरूनही गेले होते.

"पण मामाजी, हे तर दिवाळीनंतर निघते. मी तोवर पुण्याला गेली असती तं?"

"ते तवा कोनाले माहीत होतं?" मामाजी म्हणाले. "पेरलं मी."

नवऱ्याला त्यांनी का सांगितलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं. मी गेले असते तर ते धान कुणासाठी होतं हे समजावून सांगायची वेळ त्यांना यायला नको होती.

दिवाळी झाली, भारी धान निघालं आणि मळून, भरडून तांदूळ घरात आला. पहिला भात मी शिजवला. वास घरभर पसरला. मामाजींनी मलाही त्याच पंगतीत बसायला लावलं. भात बारीकच होता, पण मधेच एखादा जाड दाणा दाताखाली यायचा. नवरा माझ्याकडे चोरून बघत होता, आता ही काय बोलते म्हणून. मी तो दाणाही चावून खाल्ला. निवडत बसायचं माझ्या मनातही आलं नाही.

"चांगला आहे का?" मामाजींनी विचारलं.

"लय चांगला आहे, मामाजी."

"बराबर आहे," ते म्हणाले, आणि भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. "पुढच्या साली वाक तूच बांधजो."

"हाव," मी म्हटलं, आणि अजून भात घेतला.